टपालचं वजन

कुत्र्याने काय खावं हा प्रश्न इतका अवघड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण आजवर तो प्रश्न आमच्या कुत्र्याने स्वतःच सोडवलेला होता. जे पडेल ते खायचं, आणि जे पडत नाही ते पडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं, असा त्याचा साधा सात्त्विक आहार होता. पण त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटावरची गाठ दोन बोटांत धरून पाहिली, त्याला त्यांच्या काट्यावर उभं केलं आणि चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं, "हा खातो काय?"

"साधंच," मी म्हणालो.

"किती?"

माझी दांडी तिथेच उडाली. मी बावीस वर्षं गोदामाच्या वजनकाट्यावर मुख्य कारकून आहे. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, माल उतरला की रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, एकातून दुसरं वजा करायचं, उरतो तो माल. 'किती' या प्रश्नावर माझा संसार चालतो, आणि घरच्या कुत्र्याबाबत त्याच प्रश्नाला मी नुसताच हसत उभा होतो.

"चौदा किलो," बाई म्हणाल्या. "ही गाठ काढावी लागणार. अजून वाईट दिसत नाही, पण वाढतेय. एवढ्या वजनाला भूल द्यायची तर मला याच्या हृदयाची काळजी वाटते. सात आठवडे देते. तेरावर आणा."

"आणि नाही आला तर?" हे नानांनी विचारलं. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी टपालला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, कारण तो दुसऱ्या कुणाच्या हातात क्षणभर ठरत नाही.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणा तेरावर, आजोबा." याला उत्तर म्हणत नाहीत हे आम्हा दोघांनाही कळलं.

टपाल खरं तर माझ्या आईचा. पाच वर्षांपूर्वी एक दिवस तो पोस्टमनच्या मागे मागे आमच्या दारात आला, पोस्टमन गेला आणि हा राहिला. "टपालाने आलाय, परत कसा पाठवायचा?" असं म्हणून आईने त्याला घरात घेतलं आणि नावही तेच ठेवलं. आईला जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून नाना बोलतात ते टपालशी, आम्हाला नुसती उत्तरं देतात. त्यामुळे टपालला काही झालं तर नानांचं काय होईल, हा विचार घरी परतताना रिक्षात आम्हा दोघांच्या मध्ये बसला होता आणि टपाल त्याच्यावर डोकं ठेवून झोपला होता.

घरी पोचल्यावर मी जाहीर केलं, की या कुत्र्याचा आहार आता रीतसर ठरेल. आमच्या कार्यालयात झाडू घ्यायचा झाला तरी तीन ठिकाणचे अभिप्राय मागवतात, तुलनात्मक तक्ता करतात आणि मगच झाडू येतो. (तोवर केर साचतो हे खरं, पण तो निर्विवाद केर असतो.) मी नवी फाइल काढली. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'टपाल : आरोग्यदायी आहार : संशोधन व निवड'.

"संशोधन कसलं करताय? कमी घाला म्हणजे झालं," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

असा थेट निष्कर्ष काढण्याने किती सरकारं बुडाली असतील, हे बायकांना कळत नाही. मी तिचं म्हणणं 'प्राप्त सूचना क्रमांक एक' म्हणून फाइलला लावलं आणि पुढे गेलो.

माझ्या मुलीने मला इंटरनेट उघडून दिलं आणि ती कॉलेजला निघून गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो आणि सकाळपेक्षा अडाणी झालो होतो. एक पान सांगत होतं, की धान्य हा कुत्र्याचा शत्रू. दुसरं सांगत होतं, धान्य काढलंत तर परिणामांना तुम्ही जबाबदार. तिसऱ्या पानावर एक बाई आपल्या कुत्र्याला फक्त भाज्या घालत होत्या. शेजारी कुत्र्याचा फोटो होता आणि त्याच्या डोळ्यांत मला मदतीची याचना दिसली. कांदा, द्राक्षं आणि चॉकलेट घालू नये, एवढ्या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. म्हणजे काय घालायचं नाही ते नक्की झालं. काय घालायचं याचे अकरा पक्ष होते, म्हणून माझ्या तक्त्याला अकरा रकाने पडले.

मग मी प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात गेलो. तिथे भिंतभर पिशव्या होत्या. पिल्लांसाठी, प्रौढांसाठी, ज्येष्ठांसाठी, चंचल कुत्र्यांसाठी, चमकदार केसांसाठी. एका पिशवीवर लिहिलं होतं, 'घरात बसून राहणाऱ्या, पोट नाजूक असलेल्या, वाढत्या वयाच्या सदस्यांसाठी'. मी ती बराच वेळ हातात धरून वाचत राहिलो. माझं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

"कोणत्या जातीचा आहे?" दुकानदाराने विचारलं.

"टपालाने आलेला आहे," मी म्हणालो. त्याने ती परदेशी जात समजून सर्वांत वरच्या फळीवरची पिशवी काढायला शिडी लावली. मी तो शिडीवर असतानाच बाहेर पडलो.

आता अभिप्राय. पहिला अभिप्राय वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटचा. हा माणूस कुठल्याही विषयाची सुरुवात मृत्यूपासून करतो. त्याने मला जिन्यातच गाठलं.

"लांडगा," तो म्हणाला.

"कुठे?"

"अहो, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. लांडगा काय खातो? कच्चं मांस. लांडग्याला कधी गाठ झालेली ऐकलीत?"

मी नव्हती ऐकली. पण माझं लांडग्यांमध्ये फारसं जाणं-येणं नाही, हेही तितकंच खरं.

"आणि पळवा त्याला. लांडगा दिवसाला पंधरा-वीस मैल पळतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पळायचे बूट घालून टपालला घेऊन निघालो. पहिल्या वळणापर्यंत आम्ही दोघेही लांडग्यासारखे गेलो. वळणावर टपाल खाली बसला. मी ओढलं, चुचकारलं, धमकी दिली. तो रस्त्याकडे पाहत राहिला, जणू त्याचा माझ्याशी संबंध नव्हता. शेवटी चौदा किलोंचा लांडगा खांद्यावर टाकून मी घरी आलो. त्या दिवशी कुणाचं वजन कमी झालं असेल तर ते माझंच. कच्च्या मांसाचा प्रयोगही एकच दिवस चालला, कारण कामावर जाताना घेतलेली ती पुडी मी संध्याकाळपर्यंत विसरलो आणि साहेबांनी गोदामात मेलेला उंदीर शोधायला सहा माणसं लावली. सापडली ती माझ्या टेबलाच्या खणात.  साहेबांनी माझ्याकडे बघून रुमाल नाकाला लावला. बावीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर वरिष्ठांनी आपल्याकडे पाहून नाक धरावं, याचं दुःख ज्याचं त्याला कळतं.

दुसरा अभिप्राय समोरच्या शिवणवाल्या मावशींचा. त्या मशीनवरून मान वर न करता बोलतात आणि तोंडात नेहमी दोन टाचण्या असतात.

"भोपळा," मावशी म्हणाल्या. "उकडलेला भोपळा, थोडं चिकन, मीठ नाही. आणि हे बघ, तुझ्या वडिलांच्या पँटी..."

"मावशी, आज फक्त कुत्र्याबद्दल," मी म्हणालो. विषयाला सोडून आलेले मुद्दे नोंदवू लागलो तर फाइल कधी बंद व्हायची नाही.

"बरं बाबा," त्या म्हणाल्या आणि पाय मारून मशीन चालू केलं.

भोपळ्याचा रकाना मला पटला. मोजून-मापून दिवसाचे दोन डबे करायचं ठरलं. हिने पहिल्या दिवशी टपालचा डबा आणि माझा डबा शेजारी शेजारी ठेवला, आणि पुढे काय झालं हे सांगायची गरज नाही. संध्याकाळी घरी येऊन मी हिला म्हणालो, "आजचा डबा जरा सपक होता, पण पोटाला हलका वाटला. असंच करत जा." ही दारात उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून आत पळाली. टपाल कोपऱ्यात, माझ्या डब्यातली मसालेदार भाजी खाऊन, समाधानाने ढेकर देत होता. तिसरा अभिप्राय मी त्याचाच धरला.

असो. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वजनाचा, आणि तिथे मात्र मी कुणाचं ऐकणार नव्हतो. दर रविवारी सकाळी दहा वाजता वजन घ्यायचं, असं ठरवलं. घरातला काटा माणसांचा. टपाल त्यावर उभा राहायचा नाही. ठेवला की तो पुढचे पाय जमिनीवर काढून घ्यायचा आणि आम्हाला निम्म्या कुत्र्याचं वजन मिळायचं. म्हणून मी व्यवहारी तोडगा काढला. नाना त्याला घेऊन काट्यावर उभे राहतील, त्यातून नानांचं वजन वजा करायचं, उरतो तो कुत्रा. पहिल्या रविवारी मी आधी नानांना एकटं तोललं, बासष्ट किलो. मग टपालसह, शहात्तर. बाकी चौदा, डॉक्टरीणबाईंच्या काट्याशी तंतोतंत. मी फाइलमध्ये लिहिलं, 'नाना : ६२. पुढील सर्व वजनांसाठी ग्राह्य.'

"दर वेळी नानांचं पण घ्या की," ही म्हणाली.

"कशाला? ते काय ट्रक आहेत?"

हे वाक्य मी बोललो, याला घरातली तीन माणसं साक्षीदार आहेत.

दुसऱ्या रविवारी काट्याने दाखवलं शहात्तर. मी पिशवीतलं खाद्य बंद करून भोपळा वाढवला. तिसऱ्या रविवारी शहात्तर. मी भोपळा कमी करून गाजर आणलं. चौथ्या रविवारी शहात्तर आणि शंभर ग्रॅम, आणि ते शंभर ग्रॅम नानांच्या हातातल्या घड्याळाचे निघाले. सकाळी वीस ग्रॅम गाजर आणि मूठभर चिकनवर जगणारा कुत्रा तसूभर हलत नव्हता. मला रात्रंदिवस तो आकडा दिसू लागला. गोदामात एका ट्रकची नोंद करताना मी टनांच्या जागी शहात्तर किलो लिहिलं आणि तो ड्रायव्हर अजून मला नमस्कार करतो.

म्हणजे कुणीतरी फितूर होतं. मी चौकशी बसवली. मुलीने पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं, की ती अभ्यास करताना त्याला बिस्किटं देते. हिने कबूल केलं, की पावाच्या कडा. मावशींनी टाचण्या काढून ठेवून कबूल केलं, की कधीमधी उकडलेलं अंडं. विमा एजंटने काहीच कबूल केलं नाही, पण त्याच्या दारात टपालची लाळ सापडली. मी सगळ्यांना समज दिली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर सूचना लावली. नानांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. ते वजनाच्या बाजूचे, म्हणजे तपास यंत्रणेचेच भाग होते. शिवाय या सगळ्यात मला मनापासून साथ देणारे तेवढेच होते. कुठलाही नवा रकाना सुरू केला की ते म्हणायचे, "चांगलं आहे. तुला जमेल ते." एवढं बोलणं त्यांच्याकडून मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं, आणि ते ऐकायला मी आणखी चार रकाने वाढवले असते.

पाचवा रविवार, शहात्तर. सहावा रविवार, शहात्तर. ही एकदा म्हणाली, "मला तर टपाल जाड दिसतोय." मी तिला समजावून सांगितलं, की डोळे फसवतात, काटा फसवत नाही. टपाल तेव्हा सोफ्यावर चढायचा प्रयत्न करत होता आणि पोट आधी खाली राहत होतं.

सात आठवडे संपले. मी फाइल काखेत मारून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझं म्हणणं तयार होतं, की वजन घटलं नाही, पण वाढही रोखली आहे. बाईंनी टपालला काट्यावर उभं केलं. आकडा आला सोळा किलो दोनशे.

"तुम्ही याला पथ्य लावलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हणालो.

दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांनी, एका पोपटासकट, माझ्याकडे पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "गाठ पण वाढलीय. मी आणखी दोन महिने थांबेन, त्यापुढे नाही. त्या दिवशी वजन कितीही असलं तरी भूल द्यावी लागेल. मग काय होईल ते मला सांगता येणार नाही. घरी आजोबांना नीट सांगा."

मी नानांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी दारातच विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "प्रगती आहे." त्यांनी टपालच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो हात मला एकदम फार हडकुळा वाटला. पण माझं डोकं तेव्हा काट्याच्या अपमानाने भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि घरचा काटा पिशवीत घालून वजनमापे कार्यालयात गेलो. दवाखान्याच्या काट्याविरुद्ध रीतसर तक्रार करायची, त्याआधी आपला काटा निर्दोष असल्याचा दाखला घ्यायचा, असा माझा डाव होता. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "तोललेल्या मालाचं स्वरूप?"

"कुत्रा."

"विक्रीचा?"

"नाही हो. घरचा."

"घरगुती वापराचा कुत्रा इथे येत नाही," असं म्हणून त्यांनी मला तिसऱ्या खिडकीकडे पाठवलं. तिसऱ्या खिडकीने सांगितलं, की अर्ज दोन प्रतींत हवा आणि मालाचा नमुना सोबत जोडायला हवा. मी नमुना जोडण्याची अडचण समजावून सांगत असताना आतून निरीक्षक बाहेर आले. हे दर वर्षी आमच्या गोदामाचा वजनकाटा तपासायला येतात, मला चांगले ओळखतात. त्यांनी मला आत नेलं, माझा काटा टेबलावर ठेवला आणि त्यांच्या पितळी वजनांनी तपासला. दहा, वीस, पन्नास.

"काटा चोख आहे," ते म्हणाले.

"मग त्या दवाखान्याचा बिघडलेला असणार."

"तो मी गेल्याच महिन्यात तपासलाय. चोख आहे." त्यांनी माझी फाइल उघडली. अकरा रकाने पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला, असं मला वाटतं. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "भरलेलं वजन दर आठवड्याला घेतलंय. आणि रिकामं?"

"एकदाच घेतलंय. पहिल्या रविवारी."

त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. पुढचं बोलायची गरज नव्हती. गोदामात माझ्या टेबलामागे एक पाटी आहे, ती मीच लावलेली आहे. 'रिकामी गाडी प्रत्येक वेळी नव्याने तोलावी.' एका ड्रायव्हरने सीटखाली चार माणसं लपवून भरलेलं वजन वाढवलं होतं, त्याला मी त्या नियमावर पकडलं होतं. ही हकीकत मी घरी इतक्या वेळा सांगितली आहे, की माझी मुलगी 'एक ड्रायव्हर होता' एवढं ऐकलं की उठून जाते.

मी त्या खुर्चीत बसून वजाबाकी केली. शहात्तरातून सोळा दोनशे गेले. उरले एकोणसाठ आठशे.

टपालमध्ये दोन किलो दोनशे ग्रॅम वाढले होते. बेरीज तीच होती. म्हणजे ते दोन किलो दोनशे ग्रॅम माझ्या वडिलांमधून गेले होते.

मी तडक घरी निघालो. दुपारचा एक वाजला होता. ही शाळेत शिकवते, ती चारला येते. मुलगी कॉलेजात. मी एरवी संध्याकाळी सातला उगवतो. घरात त्या वेळी नाना आणि टपाल, दोघंच. हिने सकाळी वाढून झाकून ठेवलेलं ताट ते एकला उघडतात, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या किल्लीने दार उघडून मी आत गेलो. स्वयंपाकघरात नाना टेबलाशी बसले होते. समोरच्या खुर्चीवर, आईच्या खुर्चीवर, टपाल बसला होता. पुढचे दोन पाय टेबलाच्या कडेला टेकवून, अगदी शिस्तीत. नाना एक घास हातात घ्यायचे, थोडा वेळ धरून ठेवायचे आणि टेबलावरून पलीकडे न्यायचे. मी पाहत होतो तेवढ्या वेळात एकही घास अलीकडे आला नाही.

"नाना," मी म्हणालो.

ते दचकले. टपालने मात्र माझ्याकडे 'सूचना वाचलीय, पुढे बोला' अशा नजरेने पाहिलं.

"अरे, तो उपाशी असतो," नाना म्हणाले. "तुझ्या त्या वाटीत असतं काय? गाजराच्या चार चकत्या. माझ्या समोर येऊन बसतो. मला बघवत नाही."

"आणि तुम्ही?"

"मला एकट्याला जात नाही रे." ते ताटाकडे बघत बोलत होते. "पन्नास वर्षं समोर कोणीतरी असायचं. आता घास तोंडात फिरत राहतो. ताट तसंच परत गेलं की सूनबाईचं तोंड उतरतं, तिला वाटतं तिच्या हाताला चव नाही. म्हणून त्याला देतो. त्याचं पोट भरतं, ती खूश होते. माझं काय, म्हाताऱ्याला लागतं किती?"

"पण त्याची गाठ, नाना! त्याला भूल..."

"मला वाटलं तुझ्या आहाराने कमी होतंय. तू दर रविवारी म्हणायचास ना, वाढ नाही, वाढ नाही म्हणून."

मी काटा पिशवीतून काढून जमिनीवर ठेवला. "या. उभे राहा. एकटे." ते उठले. पँट कमरेपाशी दोन्ही बाजूंनी आत घेतलेली होती आणि तरीही एका हाताने धरावी लागत होती. तेव्हा मला मावशींची अर्धवट राहिलेली पँटींची गोष्ट आठवली. एकोणसाठ आठशे. मी आकडा वाचला आणि तिथेच फरशीवर बसलो. मला रडू आलं. मी कुत्र्याच्या गाजराचे ग्रॅम मोजत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर, दर रविवारी दहा वाजता, माझे वडील काट्यावर उभे राहून कमी होत होते. टपाल खुर्चीवरून उतरला आणि येऊन माझा कान चाटू लागला. त्याच्या तोंडाला नानांच्या जेवणाचा वास येत होता.

चार वाजता ही आली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं नानांना आता माझं जेवण आवडायला लागलंय. ताट चाटूनपुसून लख्ख असायचं हो!" आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन ती हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, आणि शेवटी माझ्यावर चिडली. तिन्ही गोष्टींत ती बरोबर होती. मी नानांच्या आहारासाठी नवी फाइल काढणार होतो, तर तिने टपालची जुनी फाइलही माझ्या हातातून घेऊन माळ्यावर टाकली.

"नानांना आहार नको आहे," ती म्हणाली. "माणूस हवंय समोर."

दुपारचं माणूस कुठून आणायचं? ते मीच व्हायचं ठरलं. गोदाम घरापासून वीस मिनिटांवर. मी साहेबांकडे रोज साडेबारा ते दोन बाहेर जाण्याच्या परवानगीचा अर्ज केला. कारण : वडिलांसोबत जेवणे.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "असं कारण नियमात नाही," ते म्हणाले.  त्यांचे वडील दूर, गावी एकटे राहतात, हे मला नंतर कळलं. पण त्यांनी 'इतर' या सदरात खूण केली, सही केली, आणि म्हणाले, "टेबलाचा खण मात्र रोज उघडून दाखवत जा."

तेव्हापासून एक वाजता मी आईच्या खुर्चीवर बसतो. पहिले काही दिवस टपाल माझ्याकडे, मी त्याची जागा बळकावल्यासारखा बघायचा. त्याची वाटी खाली, आमच्यासोबतच, मोजून. आहाराचं म्हणाल तर डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशीच एका कागदावर लिहून दिलं होतं तेच, तो कागद अकरा रकान्यांच्या खाली दबला होता. नाना पहिल्या आठवड्यात चार घास खायचे आणि थांबायचे. मग मी काहीतरी बोलायचो. ट्रकच्या गोष्टी सांगायचो. त्या सीटखालच्या चार माणसांची गोष्ट नानांनी पुन्हा पुन्हा ऐकली आणि दर वेळी म्हणाले, "लबाड!" आणि बोलता बोलता घास तोंडात जायचा. रात्री आम्ही चौघं एकत्र बसायला लागलो. टपाल खाली आडवा पडून एकेका ताटाकडे बघून उसासे टाकायचा. नानांचा हात टेबलाखाली जायला लागला की माझी मुलगी म्हणायची, "आजोबा, दोन्ही हात वर!"

दोन महिने संपायच्या आदल्या रविवारी दहा वाजता मी काटा काढला. नाना सवयीने टपालला उचलून काट्यावर चढले. आम्ही सगळे वाकून बघत होतो. आकडा थरथरला आणि ठरला.

शहात्तर.

हिचा चेहरा पडला. मुलगी म्हणाली, "बाबा, परत तेच?" टपालला माझ्याकडे देऊन नाना खाली उतरले, आणि मी त्यांना म्हणालो, "आता एकटे." माझ्या हातात टपाल वळवळत होता आणि तो हलका लागत होता. नाना पुन्हा काट्यावर चढले.

त्रेसष्ट.

मी वजाबाकी मनात केली, मग कागदावर केली, मग मुलीकडून करून घेतली. तेरा. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर बाकी.

तीन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. दोन तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि नानांनी माझा हात धरून ठेवला होता, मी लहान असताना धरायचे तसा. मग बाई बाहेर आल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "छान झालं. हृदयाने अजिबात त्रास दिला नाही." नानांनी माझा हात सोडला आणि डोळे पुसले.

बाई टपालचं कार्ड लिहायला बसल्या. "दोन महिन्यांत तीन किलो दोनशे. हे मला नोंदवून ठेवायचंय, इतरांना सांगता येईल. शेवटी आहार कोणता निवडलात?"

मी पिशवीतून फाइल काढली. माळ्यावरून मी ती गुपचूप उतरवून आणली होती. घसा साफ केला आणि पहिला रकाना उघडला.

"त्याला कसला आहार?" नाना म्हणाले. "आहार मला लावला होता."

बाईंचं पेन कार्डावर तसंच थांबलं. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फाइल मिटून परत पिशवीत ठेवली आणि नानांना म्हणालो, "चला, एक वाजत आला."